रिजिड आणि रोल एकाच मशीनवर: हायब्रिड यूव्ही प्रिंटर घेण्याआधी

आठ बाय चार फुटांच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या शीटवर, छापलेलं व्हिनाइल चिकटवायला आमच्याकडे दोन माणसं लागायची. एकाने रोल ताणून धरायचा, दुसऱ्याने स्क्वीजी ओढत न्यायची. तेवढा वेळ पंखे बंद, कारण धुळीचा एक कण खाली अडकला तरी वरून फोड दिसतो. बँकेच्या शाखेचे पंधरा बोर्ड संध्याकाळी न्यायला गाडी यायची असली की दुपारपासून पेस्टिंग टेबलाभोवती कोणी मोठ्याने बोलायचंही नाही. शेवटच्या बोर्डला घडी पडली, की छपाई, व्हिनाइल आणि बोर्ड तिन्ही वाया.

म्हणून आम्ही हायब्रिड यूव्ही प्रिंटर घेतला. सनबोर्ड, ॲक्रेलिक, एसीपी (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली शीट), एमडीएफ यांसारख्या कडक शीटवर तो थेट छापतो. पुढे-मागे रोल चढवला की व्हिनाइल, बॅकलिट (मागून दिवा लावायच्या फलकांचा माल), कॅनव्हास, वॉलपेपरही छापतो. मशीन चांगलं आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत आमचे जे पैसे आणि जी झोप गेली, ती तुमची जाऊ नये म्हणून क्रमाने लिहितो. फ्लेक्स किंवा इको-सॉल्व्हंटचं (सौम्य द्रावकाच्या शाईचं) काम करणारे आणि आता पुढची उडी घेऊ पाहणारे, यांच्यासाठी हे आहे.

१. आधी स्वतःच्या बिलबुकात बघा

मशीनची माहितीपत्रकं नंतर. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि कामांचे तीन गठ्ठे करा: जे रोलवर छापून तसंच गेलं, जे छापून बोर्डवर चिकटवलं, आणि जे आपल्याकडे होत नाही म्हणून दुसऱ्याकडून करून घेतलं किंवा सोडून दिलं. हायब्रिडचे पैसे दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यातून निघतात. नव्वद टक्के काम लग्नाचे, वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स असतील, तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. त्या दरात यूव्हीची शाई परवडत नाही.

त्यातच १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. कापड, कागद, कोरुगेटेड पुठ्ठा यांवरची मागणी कुठे वाढते आहे, ते तुमच्या पार्ट्यांनाच विचारा. यूव्ही शाई कागद-पुठ्ठ्यावर छान बसते, तेव्हा हा मुद्दा हिशेबात धरा.

आता हप्त्याचं गणित. समजा, ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ८७,००० रुपये बसतो. महिन्याचे २५ दिवस काम धरलं तर रोजचे जवळजवळ ३,५०० रुपये. माल आणि शाई वजा जाता चौरस फुटाला १५ रुपये सुटत असतील, तर नुसत्या हप्त्यासाठी रोज सुमारे २३२ चौरस फूट, म्हणजे आठ बाय चारचे सात-सव्वासात बोर्ड छापावे लागतात. पगार, वीज आणि भाडं त्यानंतर. हे आकडे तुमच्या दराने बदला, पण गणित कागदावर करा. आम्ही ते मनातल्या मनात केलं होतं आणि व्हाइट इंक, म्हणजे रंगांच्या मागे मारायची पांढरी शाई, त्यात धरलीच नव्हती.

२. कोणत्या जातीचं मशीन हवं ते ठरवा

दोन्ही प्रकारचा माल छापणारी मशीनं ढोबळमानाने तीन जातींची असतात, आणि विक्रेता तिन्हींना हायब्रिडच म्हणतो.

पहिली जात रोलरवाली. मूळची रोलची मशीन असते, तिला पुढे आणि मागे टेबलं जोडलेली असतात. बोर्ड रोलरमध्ये धरून पुढे सरकतो. किंमत सगळ्यांत कमी. रोलचं काम उत्तम देते, पण जड बोर्ड घसरतो किंवा तिरका जातो, आणि पातळ सनबोर्डवर कधीकधी रोलरची खूण राहते.

दुसरी जात बेल्टवाली. रुंद पट्टा, त्याखाली व्हॅक्यूम. बोर्ड पट्ट्याला चिकटून सरळ जातो, एकामागे एक बोर्ड लावत राहता येतं. खरा धंदेवाईक हायब्रिड हाच. पट्टा मात्र सतत स्वच्छ ठेवावा लागतो, कारण कडेबाहेर पडलेली शाई पुढच्या बोर्डच्या पाठीवर उमटते.

तिसरी जात म्हणजे फ्लॅटबेड, त्याला रोलची जोड. यात बोर्ड स्थिर राहतो आणि शाई उडवणारं हेड फिरतं. काच, लादी, दरवाजा असा जड माल, किंवा एकाच जागी दोनदा-तीनदा छापायचं काम असेल, तर यासारखं दुसरं नाही. रोल छापताना मात्र वेग कमी मिळतो.

आमचं काम सनबोर्ड आणि व्हिनाइलचं, म्हणून आम्ही बेल्ट घेतला. काचेची पार्टीशन आणि मॉड्युलर किचनचे शटर हा तुमचा धंदा असेल, तर मी फ्लॅटबेडच सुचवेन. एचपीने २०१८ मध्ये लेटेक्स आर मालिका आणली. त्यात यूव्ही नाही, पाण्यावर आधारलेली शाई कडक आणि मऊ दोन्ही मालावर चालते. बजेट मोठं असेल तर तीही पाहून या.

रुंदीबद्दल एवढंच: आठ बाय चारचा बोर्ड म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. अडीच मीटरच्या मशीनवर तो आडवा बसतो, पण कडेला जागा फार उरत नाही. दहा फुटी रोल चालवायचा असेल तर ३.२ मीटरच लागेल.

३. हेड, वेग आणि विक्रेत्याचे आकडे

मशीनचा जीव हेडमध्ये असतो आणि खर्चही तिथेच. बाजारात मुख्यतः रिको जेन ५ आणि जेन ६, कोनिका मिनोल्टाचं केएम १०२४आय, क्योसेरा आणि एप्सनचं आय ३२०० ही हेड दिसतात. रिकोच्या दोन्ही हेडना १२८० नोझल (शाईची बारीक छिद्रं), एप्सन आय ३२०० ला ३२००. एप्सन स्वस्त आणि बारीक छापतं. रिको आणि कोनिका औद्योगिक वापरासाठी बनवलेली, जास्त मार सोसणारी. मशीनमध्ये किती हेड आहेत, त्यांतली व्हाइटसाठी किती, आणि एक हेड बदलायला जीएसटीसह किती रुपये, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

वेगाचा आकडा छापील पत्रकावर ज्या मोडचा असतो, त्या मोडमध्ये कोणी माल देत नाही. चार पासला, म्हणजे एकाच पट्ट्यावरून हेडच्या चार फेऱ्यांना, जो वेग, तो आठ पासला जवळजवळ निम्मा होतो, आणि व्हाइट लेयर आली की आणखी खाली. "माझ्या फाइलला, माझ्या मालावर, बोर्डला किती मिनिटं?" एवढंच विचारा आणि स्वतः घड्याळ लावून बसा.

४. शाई: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

यूव्ही शाई वाळत नाही, दिव्याखाली कडक होते. ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरच्या एलईडी प्रकाशाने शाईतले घटक क्षणात एकमेकांना जोडले जातात. म्हणूनच पाणी-तेल न शोषणाऱ्या ॲक्रेलिकवरही ती बसते.

अडचण अशी, की कडक मालाला कडक शाई हवी आणि रोलला मऊ. कडक शाई ॲक्रेलिकवर घासली तरी ओरखडा घेत नाही, पण व्हिनाइल दुमडलं की तडकते. मऊ शाई व्हिनाइलबरोबर वाकते, पण बोर्डवर नखाने निघते. एका मशीनमध्ये सहसा दोन शाया ठेवत नाहीत, म्हणून हायब्रिडमध्ये मधली शाई भरतात. ती तडजोड आहे. विक्रेत्याने सांगितलं नाही तरी ती तडजोडच असते. गाडीवर ताणून लावायचं रॅप या शाईत करू नका, ते काम इको-सॉल्व्हंट किंवा लेटेक्सलाच द्या. एसीपी छापून मग खाच मारून वाकवणार असाल, तर घडीवर शाई तडकते का ते आधी तुकड्यावर बघा.

माल बदलला की पकड बदलते. आम्ही एका सराफाच्या दुकानासाठी बारा ॲक्रेलिक फलक छापले. सोनेरी अक्षरं, मागे व्हाइट. दिले तेव्हा आरशासारखे दिसत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जाऊन बघितलं तर काउंटरशेजारच्या फलकावरून 'श्री' अक्षराची वेलांटी पापुद्र्यासारखी सुटून लोंबत होती. कोणीतरी पुसताना फडका अडकला होता. ॲक्रेलिक एका वेगळ्या कंपनीचं आलं होतं आणि आम्ही प्रायमर, म्हणजे शाईची पकड वाढवणारं द्रव, न लावता छापलं होतं. बाराही फलक पुन्हा करून दिले.

तेव्हापासून नवीन शीट आली की तुकडा छापून ही परीक्षा घेतो:

- चोवीस तास तसाच ठेवायचा. पूर्ण पकड यायला वेळ लागतो.
- ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकटी करायच्या, वर चांगली चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. चौकटी सुटल्या तर प्रायमर हवा.
- रुपयाच्या नाण्याची कड जोर देऊन फिरवायची.
- रोलचा माल असेल तर छापील बाजू बाहेर ठेवून घडी घालायची आणि घडीवर नखं दाबायची.
- ओल्या फडक्याने वीसदा पुसायचं.

काच, स्टील, पॉलिप्रॉपिलीन यांना प्रायमर लागतोच असं धरून चला. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिनचा पृष्ठभाग शाईला जवळ करत नाही. डाइन पेन नावाचं मार्करसारखं पेन मिळतं, त्याची रेघ थेंबाथेंबांत फुटली तर शाईही तिथे टिकणार नाही. प्रत्येक शीट तपासायची सवय त्या एका पेनने लागते.

खर्चासाठी चौरस मीटरला साधारण १० मिली शाई धरा. आठ बाय चारचा बोर्ड सुमारे तीन चौरस मीटरचा, म्हणजे ३० मिली. शाई लिटरला ४,००० रुपये असली तर बोर्डला १२० रुपये, चौरस फुटाला पावणेचार. खाली पूर्ण व्हाइट मारली की तेवढेच आणखी. बॅकलिटला शाई दाट लागते, तिथेही दर वेगळा लावा. व्हाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची जड पूड असते, ती तळाशी बसते. म्हणून व्हाइटला सर्क्युलेशन (शाई सतत फिरती ठेवायची सोय) आहे का ते बघा, आणि मशीन रोज चालू ठेवा. चार दिवस जोडून सुट्टी घेतली तर पाचव्या दिवशी व्हाइटचं हेड उघडायला निम्मा दिवस जातो.

५. डेमोला आपला माल घेऊन जा

विक्रेत्याच्या डेमो सेंटरमध्ये नवा कोरा सपाट बोर्ड असतो आणि रंगीत पोपटाची फाइल. पोपट सगळ्याच मशीनवर सुंदर येतो. तुम्ही तुमच्या गोदामातला सनबोर्ड न्या, त्यातही किंचित वाकलेला. तुमच्या नेहमीच्या दुकानातलं ॲक्रेलिक, एसीपीचा तुकडा, पाच मीटर व्हिनाइल, बॅकलिट. फाइलही तुमचीच: सपाट राखाडी पट्टा, सपाट निळा पट्टा, चार पॉइंटचा देवनागरी मजकूर, आणि त्वचेचा रंग असलेला एक फोटो. राखाडी पट्ट्यात आडव्या रेषा दिसल्या तर ते बँडिंग. चार पॉइंटमध्ये 'क्ष' आणि 'ज्ञ' वाचता आले तर हेड नीट जुळलेलं आहे.

रोल किमान वीस मीटर सलग चालवून बघा. पहिल्या तीन मीटरांत सगळीच मशीनं सरळ चालतात, तिरकेपणा पुढे दिसतो. मग रोल काढून बोर्ड लावायला आणि पुन्हा रोल चढवायला किती वेळ लागतो ते पाहा. आमच्याकडे हा बदल दिवसातून तीनदा व्हायचा आणि प्रत्येक वेळी अर्धा तास. आता सकाळी बोर्ड आणि दुपारनंतर रोल असं ठरवून टाकलं आहे.

मुंबईतल्या मीडिया एक्स्पोसारख्या प्रदर्शनात एकाच दिवशी अनेक मशीनं दिसतात. निवड तिथे करा, सौदा तिथे करू नका. हेच मशीन तीन वर्षं वापरणाऱ्या दोन छापखान्यांत जाऊन, मालकाशी आणि त्याहून जास्त ऑपरेटरशी बोलून या.

६. जागा, वीज आणि हवा

मशीन टनाच्या वर जातं. दार किती रुंद, फरशी वजन पेलते का, हायड्रा क्रेन दारापर्यंत येते का, हे आधी मोजा. मशीनच्या पुढे आणि मागे आठ फुटी बोर्ड पूर्ण बाहेर यायला जागा हवी, शिवाय माणसाला फिरायला.

थ्री फेज कनेक्शन, सर्व्हो स्टॅबिलायझर आणि यूपीएस लागतातच. लोड वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज महिनाभर आधी करा, जागा भाड्याची असेल तर मालकाची ना हरकत आधी घ्या. अर्थिंग वेगळं खणून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोनच्या आत हवा असं आमच्या इंजिनिअरने सांगितलं होतं. आमच्याकडे तो सात निघाला. ते दुरुस्त होईपर्यंत इन्स्टॉलेशन थांबलं आणि हप्ता मात्र सुरू झाला होता.

खोलीत २० ते २८ अंश आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की ॲक्रेलिकवरचा कागद ओढताना स्थिर वीज तयार होते, शाईचा तुषार भलतीकडे ओढला जातो आणि अक्षरांना धुरकट कड येते. आयोनायझर बार (स्थिर वीज घालवणारी पट्टी) असलेलं मशीन घ्या. पावसाळ्यात दमट कोरुगेटेड पुठ्ठा वाकतो, तो आधी खोलीत एक रात्र ठेवा.

आणि मशीन खिडकीजवळ लावू नका. उन्हातही यूव्ही असतो, तो हेडपर्यंत पोहोचला तर शाई नोझलमध्येच घट्ट होते. आरशासारखी चकचकीत एसीपी किंवा सिल्व्हर ॲक्रेलिक छापताना दिव्याचाच प्रकाश परावर्तित होऊन हेडवर जातो. अशा मालाला दिव्याची ताकद कमी करा आणि दर बोर्डनंतर नोझल चेक, म्हणजे सगळ्या नोझल चालू आहेत का ते दाखवणारी रेघांची छपाई, घ्या.

७. कागदपत्रं

कर्ज आणि परवान्यासाठी आम्हाला लागलेली ही यादी:

- उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता. महाराष्ट्रात कामगार कमी असतील तर २०१७ च्या कायद्याखाली काय लागतं, ते आधी तपासून घ्या.
- पॅन, आधार, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न.
- मशीनचं कोटेशन, त्यात हेडची संख्या आणि मॉडेल स्पष्ट लिहिलेलं.
- प्रकल्प अहवाल. पहिल्या टप्प्यात केलेलं गणित इथे कामी येतं.
- जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, वीजबिल.

तारण कमी असेल तर बँकेत सीजीटीएमएसई (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमीबद्दल स्वतःहून विचारा, प्रत्येक अधिकारी आपणहून सांगेलच असं नाही. जीएसटी नोंदणी असेल तर मशीनवरच्या करांचं इनपुट क्रेडिट सीएला विचारून घ्या. वाया गेलेली शाई आणि हेड धुतलेलं फ्लशिंगचं द्रव गटारात सोडू नका. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन तुमच्या युनिटला काय लागू होतं ते विचारा.

८. करारात लेखी हवं असं

तोंडी आश्वासनं इंजिनिअर बदलला की संपतात. कागदावर घ्या: तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, सुटे भाग भारतात कुठे ठेवलेले आहेत, हेडवर वॉरंटी आहे की नाही आणि कोणत्या कारणाने ती रद्द होते, ऑपरेटरला किती दिवस शिकवणार, दुसऱ्या कंपनीची शाई चालेल का.

दोन गोष्टी खास विचारा. एक, मशीनमध्ये ठरावीक मुदतीने बंद पडणारं पासवर्डचं कुलूप आहे का. पूर्ण पैसे दिल्यावर ते कायमचं काढून देणार, असं लिहून घ्या. आमचं मशीन एका शनिवारी संध्याकाळी पडद्यावर कोड मागत थांबलं, आणि विक्रेत्याचा फोन सोमवारी उचलला गेला. दोन, शेवटचे दहा टक्के पैसे तुमच्या जागेवर, तुमच्या मालावर परीक्षा झाल्यानंतरच.

वापरलेलं मशीन घेत असाल तर प्रत्येक हेडचा नोझल चेक तुमच्यासमोर काढायला लावा. तुटक रेघा मोजा आणि हेडच्या किमतीने गुणा, तेवढी रक्कम भावातून वजा करून बोला.

९. पहिला महिना

हेड आणि बोर्ड यांच्यात दीड-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. बोर्डचा कोपरा तेवढा वर आला की हेड त्यावर आदळतं. याला हेड स्ट्राइक म्हणतात, आणि आम्ही नवव्या दिवशीच तो अनुभव घेतला. उभा ठेवलेला पाच एमएमचा सनबोर्ड उन्हाने वाकला होता. घाईत होतो. कर्रर असा आवाज आला, कामावरच्या मुलाने लाल बटण दाबलं, पण हेडच्या पत्र्यावर ओरखडा गेला होता आणि काळ्याच्या अकरा नोझल कायमच्या बंद झाल्या. आता बोर्ड आडवे, सपाट फळीवर ठेवतो. छापण्याआधी सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे हाताने दाबून बघतो. वर येणाऱ्या कोपऱ्याला पट्टी लावतो. आणि अँटी-कोलिजन सेन्सर चालू आहे का, हे रोज सकाळी पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून तपासतो.

कच्ची शाई अंगाला लागू देऊ नका. तिच्यातल्या रसायनांची त्वचेला ॲलर्जी एकदा सुरू झाली की पुढे थेंबभर शाईनेही अंग खाजतं. नायट्रिलचे हातमोजे घालायचे, साधे पातळ प्लास्टिकचे चालत नाहीत. दिव्याकडे थेट बघायचं नाही, चष्मा ऑपरेटरच्या गळ्यातच अडकवून ठेवा. खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा लावा.

रोजचा क्रम असा बसवला आहे: सकाळी नोझल चेक, व्हाइट हलवणं, पट्टा पुसणं. संध्याकाळी हेड पुसून कॅपिंग (हेड झाकून ठेवणं), आणि त्या दिवशी कोणत्या मालाला कोणता प्रोफाइल (रंगांची सेटिंग), किती पास, किती हेड गॅप आणि प्रायमर होता की नाही, याची वहीत नोंद. आमची ती वही आता दीडशे पानांची आहे. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मशीनच्या पुस्तकाआधी ती वही देतो.